बिडी सुटली, मिसरी राहिली

आमच्या गावातून कोहिनूरला पायी जायचं म्हटलं की मधे एक पूल लागतो. पूल म्हणजे ओढ्यात टाकलेल्या सिमेंटच्या नळ्या आणि दोन्ही बाजूंना बसण्याजोगे कठडे. कोहिनूर हे आमचं बाजाराचं गाव, तिथं माझं शिलाईचं दुकान आहे. सगळी उमर मी त्या रस्त्यानं चालत गेलो, कारण सायकलवर बिडी नीट ओढता येत नाही. पुढं पुढं असं व्हायला लागलं, की पुलापाशी आलो की डाव्या पायाची पोटरी धरायची. धुतलेलं कापड पिळावं तशी आतून पिळायची. मग मी कठड्यावर बसायचो, एक बिडी पेटवायचो आणि ती संपेपर्यंत पाय मोकळा झालेला असायचा.

त्यावरून मी असा शोध लावला, की पोटरीच्या दुखण्यावर बिडी लागू पडते. पाय बसल्यामुळं मोकळा होत होता, हे कळायला पुढं गुलबर्ग्याच्या डॉक्टरकडं जावं लागलं. तोवर हा उपाय मी दुकानात येणाऱ्या एक-दोघांना छातीठोकपणे सांगून टाकला होता. आपल्याकडे दुखण्याला औषध सांगायला डॉक्टर व्हावं लागत नाही, दुखणं असलं की पुरे.

आमचं घराणं मूळचं मेंढरांमागचं. माझ्या आज्यानं मेंढरं राखली, बापानं निम्मी राखली आणि निम्मी विकली, आणि मी सरळ मशीनवर बसलो. मेंढरं गेली, पण रानातली बिडी घरात राहिली. आगपेटी एकाची, बिडी दुसऱ्याची आणि एकाच्या जळत्या टोकावरून दुसऱ्यानं पेटवायची, ही आमच्यातली माणुसकीची पहिली पायरी. माझी पहिली बिडी बापानंच पेटवून दिली, आणि त्यात कुणाला काही वावगं वाटलं नाही.

मशीनवर बसल्यावर बिडीला वेळापत्रक आलं. कॉलर बसली की एक, बाह्या जोडल्या की एक, काजं-गुंड्या झाल्या की एक. शेजारी सलूनवाला होता. त्याची दाढी आणि माझी बाही एकाच वेळी संपली पाहिजे, असा आमचा अलिखित करार होता. मग दोघं पायरीवर बसायचो. त्याच्याशी मी काय बोलायचो हे आज आठवत नाही, पण बोलणं कधी संपायचं नाही एवढं आठवतं.

एका हिवाळ्यात डाव्या पायाच्या अंगठ्याशेजारच्या बोटाला मशीनचं पायडल लागलं. जरासं खरचटलं. हळद लावली, मलम लावलं. इतर कुठं लागलं की चार दिवसांत खपली धरायची, पण हे बोट बरं व्हायचं नावच घेईना. नखाच्या कडेला काळसर डाग आला आणि तो हळूहळू खाली उतरायला लागला. पाय हाताला गार लागायचा. बायको म्हणाली, "आवं, ह्यो पाय तुमचाच हाय का दुसऱ्याचा? मेल्यावानी गार लागायलाय." मी तिच्यावर खेकसलो. भ्यायलो होतो म्हणून खेकसलो.

कोहिनूरच्या डॉक्टरांनी बोट बघितलं आणि गुलबर्ग्याचा रस्ता दाखवला. तिथला डॉक्टर वयानं माझ्यापेक्षा लहान, बोलायला आमच्याकडच्या बाजारात चालते तीच दखनी हिंदी. त्यानं घोट्याजवळ बोटं दाबली, पावलावर दाबली, गुडघ्यामागं दाबली. एखादा माणूस अंधारात खिळा शोधतो तसं तो काहीतरी शोधत होता.

"इधर नाडी नै मिलरी," तो म्हणाला. "बीडी पीते?"

"पितो साहेब."

"तंबाकू?"

"तंबाखू खात न्हाई. कधीच न्हाई."

हे मी अभिमानानं सांगितलं, आणि ते खरंच होतं. तंबाखू म्हणजे काय, तर तळहातावर चुन्याबरोबर मळून ओठाखाली धरायची ती. खाणारे भिंती रंगवतात म्हणून मला त्यांची पहिल्यापासून शिसारी. बिडी म्हणजे बिडी. ती तंबाखूत कुठं मोजतात?

डॉक्टरनं खुर्ची पुढं ओढली. पायाच्या रगा, म्हणजे रक्ताच्या नळ्या, आतून बंद होत चालल्या आहेत, बिडीनंच होत आहेत, आज बोट काळं आहे, उद्या पाऊल होईल, मग गुडघ्याखाली कापावं लागेल, हे त्यानं कुठंही आवाज न चढवता सांगितलं. शेवटी म्हणाला, "पाँव होना के बीडी होना, सोच लेव. दोनों नै मिलते."

परतीच्या बसमध्ये मी माझ्या पायाकडं बघत बसलो होतो. शिंप्याचा पाय गेला तर उरतं काय? बायको म्हणाली, मोटर बसवू मशीनला. पण मशीनची लय पायातून येते. पायडल मारताना कापड कुठं थांबवायचं हे पायाला कळतं, मला नाही. आणि मशीनचं सोडा, पाय नसलेला मी कसा दिसेन, बाजेवरून उठून मोरीपर्यंत कसा जाईन, हेच डोळ्यापुढून हलेना. मला त्या बसमध्ये रडू आलं. खिडकीकडं तोंड करून रडलो.

घरी मायला सगळं सांगितलं. माझी माय म्हणजे सत्तरीची, वाळलेल्या तुरीच्या काटकीसारखी, आणि जिभेनं तिच्याहून दहापट टणक. तिनं देव्हाऱ्यातल्या आमच्या कुलदैवताच्या, मैलार मल्लण्णाच्या टाकापुढं बेलाचं पान ठेवलं, त्यावर चिमूटभर भंडारा टाकला आणि म्हणाली, "उचल."

आमच्यात बेलभंडारा उचलला की माघार नाही. वाटणीची भांडणं, पंचातले निवाडे, सगळं तिथं येऊन थांबतं. मी पान उचललं. "आजपसून बिडी तोंडाला लावणार न्हाई," म्हणालो.

"आन् शिगरेट?"

"शिगरेट बी न्हाई."

"चिलीम?"

"माय, चिलीम कोण वडतंय आता?"

"म्हण म्हन्ले तर म्हण की रं. देवाला फट ठिवू नई."

मी चिलीमही म्हणालो. तिनं आठवून आठवून हुक्क्यापर्यंत सगळ्या वाटा बुजवल्या, तेव्हा कुठं मला पान देवापुढं ठेवू दिलं. हे सगळं ती बोलत होती तेव्हा तिच्या दातांवर सकाळची मिसरी काळीभोर चमकत होती. त्या घरात ते कुणालाच दिसलं नाही.

बिडी सोडल्याची बातमी गावात फुटली आणि सल्ल्यांचा पाऊस पडला. एकानं सांगितलं, बडीशेप चघळ. दुसरा म्हणाला, लवंग धर दाढेत. कुणी ओवा, कुणी गुळाचा खडा, कुणी दर तलफेला तांब्याभर पाणी. एकजण तर म्हणाला, बिडी हातात धर पण पेटवू नको. असल्या माणसाला उपाशी बसवून त्याच्यापुढं मटण ठेवलं पाहिजे आणि सांगितलं पाहिजे, नुसतं बघ, खाऊ नको. मेडिकलवाल्यानं सिगरेट सोडायचं च्युइंगम दिलं. ते चघळल्यावर हिरड्यांना मुंग्या आल्या आणि उचक्या लागल्या, म्हणून दुसऱ्या दिवशी टाकून दिलं. मला जरा उपयोग झाला तो दोऱ्याचा. दोऱ्याचं टोक दातात धरून बसायचो, तेवढीच तोंडाला कामाची बतावणी.

आणि जे व्हायचं होतं ते सगळं झालं. हात असे थरथरायचे की सुईत दोरा जाईना. बाहेरची हवा गार असताना मी घामानं निथळायचो. एका बाईच्या ब्लाऊजला मी दोन्ही बाह्या डाव्याच जोडल्या आणि ती दाखवायला आली तेव्हा तिलाच म्हणालो, तुझेच हात वाकडे आहेत. नंतर मी तिला नवं कापड आणून शिवून दिलं, पण ती पुन्हा दुकानात आली नाही. घरात मीठ कमी, भाकरी जाड, पंख्याचा आवाज, पोरांचा मोबाईल, कशावरही माझं डोकं उठायचं. बायको म्हणायची, "बिडी वडत व्हता तवा धूर नाकातून यायचा, आता टाळूतून यायलाय."

खोकला कमी होईल म्हणाले होते, तो वाढला. सकाळी उठलो की खोकताना काळं काळं पडायचं. झोपेत बिडी ओढायचो, खरोखरीची, चवीसकट, आणि जाग आली की बेलभंडारा मोडला म्हणून छाती धडधडायची. तोंड आलं. गोडाची इतकी हाव सुटली की पोरांच्या डब्यातले लाडू चोरून खाल्ले. सलूनवाल्याशी बसणं सुटलं. तो बिचारा पायरीवर बसायचा, मला बघून बिडी विझवायचा, मग दोघांनाही काय बोलावं सुचायचं नाही. शेवटी त्यानं मागच्या दारानं जाऊन ओढायला सुरुवात केली. एवढ्या वर्षांची सोबत आमच्यात फक्त धुरावर उभी होती की काय, असं मनात आलं आणि फार वाईट वाटलं.

एकच गोष्ट चांगली झाली. नाक परत आलं. नव्या कापडाच्या खळीचा वास, मशीनच्या तेलाचा, उन्हात तापलेल्या पत्र्याचा, सगळं परत आलं. माझ्या स्वतःच्या वाकळेचा वास मला असह्य झाला आणि बायकोनं इतकी वर्षं तो कसा सोसला असेल, ते कळलं. मायच्या पदराचाही वास आला. तव्यावर काहीतरी करपावं तसला, तिखट, डोक्यात जाणारा मिसरीचा वास. लहानपणी तिच्या मांडीवर झोपायचो तेव्हाचा तो होता. मधली सगळी वर्षं तो माझ्याकडं आलाच नव्हता.

राहिलं होतं ते पोट. सकाळची बिडी बंद झाली आणि पोटानं संपच पुकारला. बिडीवाल्यांना हे वेगळं सांगायला नको. एरंडेल झालं, कढत पाणी झालं, पपई झाली. मी मोरीत बसून देवाचा धावा करायचो. त्रासून एकदा मायपुढं ओरडलो, की हे असलं जगणं मला नको, आणा तो बिडीचा कट्टा.

माय घाबरली. तिनं कनवटीची डबी काढली, झाकण उघडलं आणि माझ्यापुढं धरली. "हे घे. जरा दातावर लाव. कोठा साफ व्हतोय. समद्या बायका लावतेत की सकाळी, उगं का लावतेत?"

मी बोटावर घेतली, दातांवर घासली. डोकं गरगरलं, मग एकदम हलकं झालं. अंगातली कितीतरी दिवसांची गाठ सुटल्यासारखी सुटली. पोट साफ झालं. हाताचं थरथरणं थांबलं. त्या दिवशी मी बायकोशी हसून बोललो, तर ती दचकली. माय म्हणाली, मल्लण्णा पावला.

मग मी रोज लावायला लागलो. सकाळी एकदा, दुपारच्या जेवणावर एकदा, संध्याकाळी दुकान झाकायच्या आधी एकदा. मायनं माझ्यासाठी वेगळी डबी केली. ती तव्यावर जास्तीची भाजायची, पाट्यावर बारीक वाटायची, फडक्यातून चाळायची. लेकाच्या दाताला कचकच लागू नये म्हणून दोनदा चाळायची. माझं मन शांत झालं आणि त्याचं श्रेय मी सगळं माझ्या निर्धाराला दिलं.

गावात माझं नाव झालं. ह्या गड्यानं एका रात्रीत बिडी सोडली, म्हणून बायका आपापल्या नवऱ्यांना दुकानात घेऊन यायच्या. मी माप घेताघेता उपदेश करायचो. मन घट्ट पाहिजे, बाकी काही लागत नाही. तलफ म्हणजे काय, पाहुणा. विचारलं नाही की जातो उठून. असलं काहीबाही बोलायचो आणि समोरचे माना डोलवायचे. संध्याकाळी बोटावर मिसरी घेऊन मी त्या बोलण्याची उजळणी करायचो.

पाय मात्र ऐकत नव्हता. काळं एका बोटावरून शेजारच्या बोटावर गेलं. आता पुलापर्यंतही जायची सोय राहिली नाही, दाराशीच पोटरी धरायची. बसलं तरी दुखायचं. झोपताना पाय बाजेखाली सोडला तर जरा बरं, वर घेतला की आग. मला देवाचाच राग यायला लागला. शब्द मी पाळला होता. मग करार तिकडून कोण मोडत होतं?

दुसऱ्या खेपेला गुलबर्ग्याला माय बरोबर आली. डॉक्टरनं पाय बघितला आणि मान हलवली.

"बीडी छोडे नै तुम."

"सोडली साहेब."

"झूट नक्को बोलो. छोडे तो ऐसा नै होता."

माझं डोकं फिरलं. मी उठून उभा राहिलो, त्या दुखत्या पायावर, आणि ओरडलो. बेलभंडारा उचललाय मी, असं मराठीत, कन्नडमध्ये आणि दखनीत, तिन्ही भाषांत ओरडलो. बाहेर बसलेले लोक दारात आले. मायनं तर मला मागं सारलं आणि डॉक्टरवरच तुटून पडली. "माझ्या लेकाला खोटं म्हन्तोस? देवापुढं सोडलीय त्यानं. लेकरू रातंदिन तळमळायलंय, आन् तू कामून दोष लावायलास?"

डॉक्टर तिच्या तोंडाकडं बघत होता. मग माझ्याकडं वळून म्हणाला, "मू खोलो."

मी तोंड उघडलं.

"ये काला क्या है?"

"मिसरी हाय की," माय म्हणाली. "दाताची. मी बी लावते."

"किससे बनाते मिसरी, अम्मा?"

"कशानं म्हंजी? तंबाखू आणायची, तव्यावर जाळायची, आन्..."

तिथं ती थांबली. तिचं तोंड तसंच उघडं राहिलं. हात हवेत होता, पाट्यावर वाटताना असतो तसा. ती वाटायची ती तंबाखू, हे तिला लहानपणापासून ठाऊक होतं. बाजारातून पानं तीच निवडून आणायची. पण ते वाक्य तिनं माझ्या पायाशेजारी उभं राहून कधी म्हटलं नव्हतं. डॉक्टरनं हळू आवाजात एवढंच सांगितलं, की धुरानं जावो, दातानं जावो, रक्तात एकच जातं, आणि दोन बोटं आता काढावी लागतील. बाकीचं तुमच्या हातात.

मायनं ते शब्द शब्दशः घेतले. बसमध्ये ती आपले हात मांडीवर पालथे टाकून बसली होती. उजव्या हाताची मिसरी लावायची ती बोटं काळी पडलेली, कायमची. मी म्हणालो, "माय, तुला काय ठाऊक व्हतं?" ती म्हणाली, "मीच चाळून घातली. दोनदा चाळली." मला तिच्या कुशीत शिरावंसं वाटत होतं आणि माझ्याच्यानं तिचा हातसुद्धा धरवला नाही.

दोन बोटं गेली. दवाखान्यातून घरी आलो तर परसातल्या चुलीवरचा मिसरीचा तवा दिसेना. बायको म्हणाली, विहिरीपलीकडच्या खड्ड्यात पुरला, डब्यांसकट. माय दारात बसून मिठानं दात घासत होती.

मी म्हणालो, "पाय माजा हाय. तू कामून सोडायलीस? ह्या वयात तुला झेपायचं न्हाई."

"घरात असली तर तू लावशील. तुला वळखत न्हाई व्हय मी?"

"मग बेलभंडारा तरी उचल, म्हंजी बळ येतंय."

"नको गा," ती म्हणाली. "शपतीत फट ऱ्हाती. नुसतंच सोडते."

तिच्या हिरड्या सुजल्या. ती लहान पोरासारखी रडायला लागली, कारण नसताना, भाकरी थापता थापता. कोंबड्यांना शिव्या घालायची, सुनेला घालायची, देवालाही सोडलं नाही. तिची भूक गेली, झोप गेली. दुपारी तिचा हात आपोआप कनवटीला जायचा, तिथं काही नसायचं, आणि ती त्या हाताकडं परक्याकडं बघावं तशी बघायची. मी माझी तलफ विसरून तिला बडीशेप द्यायचो, तर ती थुंकायची, "ह्ये काय ढोराचं खाणं." एकदा मी तिच्यावर ओरडलो, एकदा ती माझ्यावर, आणि मग दोघंही ओसरीवर पाठीला पाठ लावून बसलो. बायको आतून म्हणाली, दोन भुतं एका झाडाला. माय तेव्हा हसली. त्या दिवसांत मला माझी माय जेवढी आवडली तेवढी आधी कधी आवडली नव्हती, आणि हे तिला सांगायचं राहून गेलं.

हळूहळू पायाची जखम भरली. रोज दिवेलागणीला माय माझ्यापुढं बसायची. "पाय दाव," म्हणायची. मी लाजायचो; मायनं लेकाचा पाय हातात घ्यायचा म्हणजे उलटंच. पण ती ऐकायची नाही. पाऊल दोन्ही हातांत धरायची, उरलेल्या बोटांवरून अंगठा फिरवायची, आणि "गार हाय," म्हणून उठायची. कित्येक दिवस गारच होता. एका संध्याकाळी तिनं पाय धरला आणि सोडेना. मग म्हणाली, "ऊन हाय की रं." तिनं तो पाय स्वतःच्या गालाला लावला. मी ओढून घ्यायला गेलो, पण तिनं घट्ट धरला होता.

त्यानंतर काही वर्षं ती होती. पाय बघायचं तिनं एकही दिवस चुकवलं नाही. मी पुन्हा चालत कोहिनूरला जायला लागलो, पूल आला तरी थांबत नव्हतो. मशीनला मोटर बसवली नाही.

गेल्या उन्हाळ्यात माय गेली. दुपारी आडवी झाली ती उठलीच नाही. आमच्यात मातीत ठेवतात. आमचं रान ओढ्याच्या पलीकडं आहे, तिथं बापाशेजारी ठेवली. तिसऱ्या दिवशी निवद घेऊन गेलो. भाकरी, तुरीचं वरण, तिला आवडायची ती शेंगाची चटणी, चहा, सगळं पानावर मांडलं आणि मागं सरकून उभे राहिलो. बाभळीवर कावळा होता, पण खाली येईना. ऊन चढलं. लोक कुजबुजायला लागले, म्हातारीचं काहीतरी राहिलंय.

कमठाण्याची मावशी, मायची धाकटी बहीण, पुढं झाली. तिनं पदराची गाठ सोडून एक पुडी काढली. "मला ठाऊक हाय काय राहिलंय. लेकासाठी सोडली, पर जीव त्याच्यातच व्हता अक्काचा." तिनं पुडी उघडून पानावर ठेवली. मिसरी होती.

वास आला. करपलेला, तिखट. मायच उठून जवळ उभी राहिल्यासारखं वाटलं. माझ्या डोळ्यांना पाणी आलं आणि त्याच क्षणी तोंडालाही सुटलं. बोटावर चिमूटभर घ्यावी, डोळे मिटावे, आणि ती पुन्हा कनवटीची डबी पुढं धरील, असं इतकं जोरात वाटलं, की हात पुढं गेलाच होता. बिडी सोडतानाही अशी तलफ आली नव्हती. मी तो हात दुसऱ्या हातानं धरला.

कावळा मिसरीलाही उतरला नाही. मावशी म्हणाली, "आता तूच काय ते बोल बाबा. कायतरी कबूल कर."

मी पुढं झालो. डाव्या पायातली चप्पल काढली आणि मातीच्या ढिगाला लागून पाय टेकवला.

"आरं, पाय लागंल की मायला!" मावशी ओरडली.

"लागू दे. रोज हातात घेत व्हती," मी म्हणालो. मग खाली बघून म्हणालो, "माय, दिवेलागणीला कुणी बघंना झालंय. आज तूच बग. ऊन हाय."

मागं सरकलो. बराच वेळ गेला, आणि कावळा उतरला. त्यानं भाकरी उचलली आणि गेला. ऊन वाढलं होतं, त्याला भूक लागली असेल. मी त्याचा काही अर्थ लावत नाही. मिसरीची पुडी तशीच राहिली. मावशीनं इकडंतिकडं बघितलं आणि परत पदरात बांधली. मी तिच्याकडं बघितलं, तर म्हणाली, "वाया कामून घालवायची?"

सगळे पुढं गेले. मी मागून चालत होतो. पूल आला तेव्हा मी कठड्यावर बसलो. पोटरी धरली नव्हती, कुठंही काही दुखत नव्हतं. बसलो, आणि वाकून डावं पाऊल दोन्ही हातांत धरलं, ती धरायची तसं.

ऊन होतं.